बेकारीचं वय

अंबरनाथ सोडल्यावर बदलापूर येईपर्यंत लोकल सात-आठ किलोमीटर कुठेही थांबत नाही. याच टप्प्यात चिखलोली आहे. इथे गावाच्या नावाचं धरण आहे, चिखलोली-मोरीवली पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, शेतांच्या जागी उठलेल्या इमारती आहेत आणि कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर नवं रेल्वे स्थानकही मंजूर झालेलं आहे. शेती गेली तेव्हा कंपनी आली. कंपनीतली कायम नोकरी आटली तेव्हा बिल्डर आले. बिल्डरांनी बांधलेल्या घरांत राहायला आलेली अनेक माणसं आज रोज पन्नास-साठ किलोमीटरवरच्या मुंबईत कामाला जातात आणि रात्री झोपायला परत येतात.

या भागात बेकार किती, या साध्या प्रश्नाला आकड्यात उत्तर नाही. केंद्र सरकारचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून देशाचे आणि राज्यांचे दर जाहीर करतं. जानेवारी २०२५ पासून त्याचा नमुना जिल्हा धरून निवडला जाऊ लागला, ही चांगली सुधारणा झाली. तरी अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर अशा एकेका शहराचा बेकारीचा दर त्यातून मिळत नाही. आणि उद्या मिळाला तरी एका आकड्याने भागणार नाही. माझं म्हणणं असं की प्रत्येक उद्योग बंद पडताना किंवा बदलताना एका ठरावीक वयाच्या माणसांना बाहेर टाकतो. मोठे कारखाने बंद पडले तेव्हा चाळिशीतले बाहेर पडले. ठेकेदारी वाढली तिचा भार पंचविशी-तिशीवर आला. जीन्सचा धंदा हलला तेव्हा घरी बसून धागे कापणाऱ्या बायकांचं काम गेलं. सरकारी भरती आक्रसली ती विशीतल्या मुलांच्या वाट्याला आली. वय आणि धंदा एकत्र मांडल्याशिवाय इथली बेकारी दिसत नाही, आणि ती न दिसल्यामुळे उपाय भलत्याच माणसांच्या दारात जातात.

आधी मोजणी कशी होते ते पाहू, कारण बराचसा घोळ तिथेच आहे. बेकारीचा दर काढताना भागाकार सगळ्या लोकसंख्येने होत नाही. जे काम करतात आणि जे काम शोधतात, त्या दोघांची बेरीज म्हणजे श्रमबल. त्यातले शोधणारे किती टक्के, तो बेकारीचा दर. समजा एका वस्तीत पंधरा वर्षांवरची शंभर माणसं आहेत. ५६ जण कामावर आहेत, ४ जण काम शोधताहेत. श्रमबल साठ, बेकारी पावणेसात टक्क्यांच्या आसपास. आता त्या चौघांतल्या तिघांनी कंटाळून शोधणं सोडलं. श्रमबल ५७ वर आलं, शोधणारा एकच उरला, दर पावणेदोन टक्के झाला. बेकारी घटली अशी बातमी होईल, आणि वस्तीत एकालाही काम मिळालेलं नसेल.

दुसरी गोष्ट कामाच्या व्याख्येची. चालू आठवड्याच्या हिशेबात गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. नाक्यावर सहा दिवस उभं राहून सातव्या दिवशी रेती उचलायचं काम मिळालेला बिगारी या मोजणीत कामगार ठरतो. वर्षाच्या हिशेबात तर तीस दिवसांचं जोडकामही पुरतं. व्याख्या चुकीची आहे असं नाही. देशादेशांची तुलना करायला अशीच मोजपट्टी लागते. मात्र २०२३-२४ मध्ये देशाचा दर ३.२ टक्के होता हे वाचून ९७ टक्के लोकांचं बरं चाललं आहे असं कुणी समजू नये.

आता कंपन्यांकडे येऊ. अंबरनाथची ओळख एके काळी विम्कोने झाली. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी; ती १९२३ मध्ये स्वीडिश मॅच या त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या काडेपेटी कंपनीने स्थापन केली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने इथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत काढलं. स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आणि तिच्या शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यावर औद्योगिक वसाहती वाढल्या. शेजारी रेयॉनचे दोन कारखाने: शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी. या पट्ट्यात मुलगा ‘कंपनीत लागला’ की घराची काळजी मिटली असं मानायचे, आणि ते खरंही होतं. पीएफ, ईएसआय, कँटीन, बोनस, आणि वडील निवृत्त झाले की मुलाला घ्यायची प्रथा.

विम्कोचं काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. काडेपेटी यंत्रावर बनवणारे कारखाने आणि हाताने बनवणारे लघुउद्योग यांच्या उत्पादन शुल्कात सरकारने मुद्दाम फरक ठेवला. शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी या तमिळनाडूच्या कोरडवाहू भागात हाताने काडेपेट्या भरणाऱ्यांचं काम टिकावं हा हेतू होता, आणि तिथे फार मोठ्या संख्येने, मुख्यतः बायकांना, काम मिळालंही. (त्यात लहान मुलंही राबली, हा त्या धोरणाचा कलंक.) इकडे यंत्रावरच्या काडेपेटीचा बाजार आक्रसत गेला. पुढे कंपनी आयटीसीकडे गेली, आणि अंबरनाथची मशीनं थांबली. म्हणजे दिल्लीत ठरलेल्या कराच्या एका फरकाने रोजगार हजार किलोमीटरपलीकडे सरकला. कामगाराचा आळस, युनियनचा हट्ट, मालकाची नियत अशा नेहमीच्या कारणांत हे कारण क्वचितच मोजलं जातं. धरमसी मोरारजीचं अंबरनाथचं उत्पादनही थांबलं. कंपनी आता रोहा आणि दहेजला माल काढते. एनआरसीचा कारखाना नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडला आणि हजारो कामगार पुढची अनेक वर्षं आपल्या देण्यांसाठी कोर्टात आणि रस्त्यावर हेलपाटे घालत राहिले.

कारखाने बंद पडण्यात जमिनीचाही वाटा मोठा आहे. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढे मुंबईत गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली. तीच गोष्ट दहा-वीस वर्षं उशिरा कल्याणच्या पुढे आली. २००१ मध्ये बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. घरांना मागणी असलेल्या ठिकाणी जुनी यंत्रं चालवत बसण्यापेक्षा जागा मोकळी करणं मालकाला परवडतं. या व्यवहारात जमिनीचा भाव लगेच कळतो. त्या जमिनीवर वीस वर्षं राबलेल्या माणसाचा हिशेब मात्र देण्यांच्या यादीत, सगळ्यांत शेवटी येतो.

कंपनी बंद पडते तेव्हा विशीतला मुलगा दुसरीकडे शिकाऊ म्हणून लागतो. साठीला आलेला हिशेब घेऊन घरी बसतो. मधला, चाळीस ते पंचावन्नचा, खरा अडकतो. त्याचं कसब त्या एका यंत्राशी बांधलेलं असतं. नवी कंपनी आयटीआयचा दाखला मागते आणि जाहिरातीत तीस-पस्तीसची वयोमर्यादा टाकते. मुलांची शिक्षणं याच वयात येतात, घराचे हप्ते अर्धे बाकी असतात. पीएफची रक्कम मुलीच्या लग्नात किंवा जुन्या कर्जात जिरते. पेन्शनचं म्हणाल तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. पंचेचाळिसाव्या वर्षी गेट बंद झालेल्या माणसाने मधली तेरा वर्षं काय करायचं?

तो रिक्षा घेतो. वॉचमन होतो. भाजीची गाडी लावतो, सोसायटीत पाण्याची मोटर सांभाळतो. राज्याने २०१७ मध्ये रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली तेव्हा या मार्गाने किती घरं तगली ते अंबरनाथ-बदलापूरच्या स्टँडवर उभं राहिलं की कळतं. शेअर रिक्षा भरायला लागणारा वेळ दर वर्षी वाढतो आहे, कारण प्रवाशांपेक्षा रिक्षा भराभर वाढल्या. सर्वेक्षणात हा माणूस ‘स्वयंरोजगारित’ म्हणून नोंदला जातो. केंब्रिजच्या अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये याला छुपी बेकारी म्हटलं. त्यांचं निरीक्षण असं की मंदीत नोकरी गेलेला माणूस रिकामा बसत नाही, कमी उत्पन्नाच्या कुठल्यातरी कामाकडे ढकलला जातो. त्यांनी दिलेल्या उदाहरणांतलं पहिलं होतं लंडनच्या रस्त्यावर काडेपेट्या विकणाऱ्याचं. काडेपेट्या बनवणाऱ्या गावाने ते उदाहरण पुढे सत्तर वर्षांनी स्वतः जगून पाहिलं.

बेकारी माणसाच्या वेळेचं काय करते, यावर जगातला सगळ्यात गाजलेला अभ्यासही अशाच एका कंपनीच्या गावचा आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्ताल गावातली कापडगिरणी १९३० च्या सुमाराला बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझर्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन पाहणी केली. १९३३ मध्ये पुस्तक आलं. त्यांचा अंदाज होता की रिकामा वेळ मिळाल्यावर लोक जास्त वाचतील, सभांना जातील, बंड करतील. झालं उलट. वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या घटली. संशोधकांनी घड्याळ लावून गावातल्या रस्त्यावरची चाल मोजली, तर पुरुष हळू चालत होते आणि पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण घरकाम बंद पडलेलं नव्हतं. पगाराबरोबर दिवसाचा आकारही जातो, ही गोष्ट त्या अभ्यासाने दाखवली. आपल्याकडे निदान एका तरी बंद कंपनीच्या कामगारांची अशी पाहणी वय धरून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून व्हायला हवी होती. कंपनी बंद पडल्यावर पाच वर्षांनी तिचे चाळिशीतले कामगार काय करतात याची नोंद ठेवणं कुणाचंच काम नाही.

पंचविशी-तिशीची गोष्ट वेगळी आहे. अंबरनाथची आनंदनगर वसाहत चालू आहे, मोरीवलीत रिअॅक्टर चालू आहेत, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या लागतात. काम आहे, पण ते ठेकेदाराकडे आहे. वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत आता सुमारे ४० टक्के कामगार कंत्राटी आहेत. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण याच्या जवळपास निम्मं होतं. हेल्पर आणि ऑपरेटर एकाच मशीनवर उभे असतात, एकाचा पगार दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी असतो.

यातला ‘ब्रेक’ हा प्रकार बाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की सलग एक वर्षाची सेवा धरली जायची आणि त्यातून नुकसानभरपाईसारखे हक्क निर्माण व्हायचे. ते होऊ नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी मुलाला ब्रेक द्यायचा. तो पंधरा दिवस, महिना घरी. मग नव्या ठेकेदाराच्या नावावर, कधी त्याच मशीनवर, पुन्हा नवा. असा मुलगा दहा वर्षं काम करतो आणि कागदावर पंधरा-सोळा वेळा नवशिका असतो. तो ब्रेकमध्ये असताना पाहणी करणारा आला तर बेकार, एरवी रोजगारात. त्याची बेकारी तुकड्यातुकड्यांची आहे, आणि तुकडे जोडले तर वर्षाला महिना-दीड महिना होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे, ती स्वागतार्ह आहे. पण त्याच संहितांत कंपनी बंद करायला सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. चिखलोलीसारख्या पट्ट्यातले कारखाने बहुतेक लहान आणि मध्यम, त्यातलेही निम्मे लोक ठेकेदाराचे. त्या मर्यादेत बसणारे फार थोडे.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हे राज्याचं जुनं धोरण आहे आणि प्रत्येक निवडणुकीत त्याची आठवण निघते. ज्यांची भातशेती धरणाखाली, रेल्वेखाली, वसाहतीखाली गेली त्या आगरी आणि आदिवासी कुटुंबांचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण हजेरीपट ठेकेदाराच्या हातात असताना टक्केवारी तपासायची कशी, याचं उत्तर त्या धोरणात नाही.

उल्हासनगरची बेकारी बायकांची आहे, आणि ती जवळपास अदृश्य आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि काही दशकांत कॅम्प पाचचा भाग स्वस्त जीन्ससाठी देशभर माहीत झाला. जीन्सची एक विजार अनेक हातांतून जाते. कटिंग एकीकडे, शिलाई दुसरीकडे, मग धुलाई, इस्त्री, बटण-रिव्हेट, आणि शेवटी धागा कटिंग. धागा कटिंग घरी होतं. गठ्ठा घरी येतो, बाई पोरांना सांभाळत, भाजी शिजत असताना, सुटे धागे कापते, आणि नगावर पैसे मिळतात.

जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं निळं, रसायनांनी भरलेलं पाणी वालधुनीत जायचं. वालधुनी उल्हास नदीला मिळते. वनशक्ती संस्थेने याचिका केली, राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये पालिका आणि यंत्रणांना फटकारलं, आणि पुढे जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्यात आले. नदी वाचवायलाच हवी होती; वालधुनीकाठी राहणाऱ्यांनी किती वर्षं तो वास सोसला त्याला हिशेब नाही. चूक झाली ती अशी की सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आधी उभं न करता धुलाई तोडली. साखळीतला एक दुवा गेला की मागचे-पुढचे सगळे ढिले होतात. धुलाई दूर गेली, तिच्यामागे शिलाई सरकली, आणि गठ्ठे यायचे थांबले. त्याआधीच नोटाबंदीने रोखीवर चालणाऱ्या या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. शिलाईचा कारागीर उत्तर प्रदेशातून आलेला, एकटा. तो धंद्यामागे भिवंडीला गेला. धागे कापणारी बाई घर सोडून जाऊ शकत नाही.

तिला सर्वेक्षणात विचारलं, काम शोधता का? ती म्हणणार, नाही, घरीच असते. झालं, ती श्रमबलाबाहेर. शहरी भागात पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी २०२३-२४ मध्ये फक्त २८ टक्के श्रमबलात होत्या. उरलेल्या बहात्तरांत शिकणाऱ्या आणि वृद्ध बायका आहेत, आणि काम मिळालं तर उद्या सुरू करतील अशाही आहेत. मुंबईत जायचं तर बदलापूरहून जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास, गर्दीच्या डब्यात. लहान मूल असलेल्या बाईने ते कसं जमवायचं? या भागात बाईच्या नोकरीचं अंतर पगारापेक्षा महत्त्वाचं ठरतं. चिखलोलीला स्थानक झाल्याने दहा मिनिटांची रिक्षा वाचेल, पण नोकरी पन्नास-साठ किलोमीटरवरच राहील. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद झाली तेव्हा मुंबईवरच्या या अवलंबित्वाची किंमत सगळ्यांनाच कळली. त्या वर्षीच्या एप्रिल-जूनमध्ये देशातल्या शहरी बेकारीचा दर २० टक्क्यांपुढे गेला होता. सर्वसामान्यांना लोकलची दारं, तीही वेळेच्या अटीवर, फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडली.

राहिले विशीतले. इथे आकडे सर्वांत जास्त बोलतात. २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयाच्या तरुणांतला बेकारीचा दर १०.२ टक्के होता, एकूण दराच्या तिपटीहून अधिक. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेने काढलेल्या २०२४ च्या अहवालात आणखी टोकदार गोष्ट आहे: २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतली बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली ३.४ टक्के. शिक्षणाने बेकारी वाढते असा याचा अर्थ नाही. अशिक्षित मुलाला थांबणं परवडत नाही. तो नाक्यावर जातो. बी.कॉम. झालेल्याच्या घरी आई-वडील आणखी दोन वर्षं पोसू शकतात, म्हणून तो थांबतो. त्याला हेल्परच्या पगारावर पाळी करायची नसते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण ते काम घेतलं की पुढचा अर्ज भरायला वेळ उरत नाही.

तो कशाची वाट पाहतो? २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांहून अधिक आले. एका जागेला जवळपास शंभर. अंबरनाथमध्ये ‘ऑर्डनन्सला लागणं’ हे तीन पिढ्यांचं स्वप्न. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या आयुध निर्माण्यांचं सात कंपन्यांत रूपांतर झालं. अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडियाकडे आणि प्रोटोटाइप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. कायम भरतीची वाट त्यानंतर आणखी अरुंद झाली. तिथेच शिकाऊ उमेदवारी केलेली मुलं प्रमाणपत्र घेऊन चिखलोलीच्या एखाद्या ठेकेदाराकडे नाव नोंदवतात.

वाट पाहण्याची किंमत नंतर मोजावी लागते. जपानमध्ये नव्वदच्या दशकात आर्थिक फुगा फुटल्यावर पदवीधर झालेल्यांना कायम नोकऱ्या मिळाल्या नाहीत. त्या पिढीला तिथे रोजगाराच्या हिमयुगाची पिढी म्हणतात. बाजार सुधारल्यावर कंपन्यांनी नव्या पदवीधरांना घेतलं, यांना नाही. शेवटी २०१९ मध्ये, ही माणसं पस्तीस-पंचेचाळीसची झाल्यावर, सरकारला त्यांच्यासाठी खास योजना आणावी लागली. बाविसाव्या वर्षी वाया गेलेली तीन वर्षं पंचेचाळिसाव्या वर्षीही पगारात दिसतात.

आता उपाय. आपल्याकडच्या योजना वयाने एकाच बाजूला झुकलेल्या आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न या प्रशिक्षणार्थींनीच आंदोलनं करून विचारला. पण पस्तिशीपुढच्याला तर तेवढंही नाही. नोकरी गेलेल्यांसाठी ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. तिला ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, म्हणजे ब्रेकवाला मुलगा तिथेही कच्चा पडू शकतो. बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मुकादम असलेल्या नाका कामगाराने तो कुणाकडून आणायचा?

आणि रोजगार हमीचं तर या पट्ट्याशी विचित्र नातं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, १९७२ च्या दुष्काळातून तावूनसुलाखून निघून, महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, नाहीतर भत्ता, हा हक्क कायद्याने देणारं हे पहिलं राज्य, आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याचा पाया इथेच घातला गेला. पैसा उभा करण्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. अंबरनाथच्या कंपनीतल्या कामगाराच्या पगारपत्रकावर दरमहा जे दोनशे रुपये ‘पी.टी.’ म्हणून कापले जातात, त्यांचा मूळ उद्देश हा. शहरी कामगाराने दुष्काळी शेतमजुराची जबाबदारी घ्यावी, हा विचार मला आजही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला फार मोलाचा वाटतो. मात्र हमी ग्रामीण भागापुरती आणि लहान नगरपालिकांपुरती. चिखलोली नगरपरिषदेच्या हद्दीत आली, आणि तिथल्या कंपनीतून निघालेला, वीस वर्षं हा कर भरलेला फिटर स्वतः रस्त्यावर आला तेव्हा त्याच्यासाठी हमी नव्हती.

शहरी हमी अशक्य नाही. केरळने २०१० मध्ये अय्यनकाली यांच्या नावाने ती सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये शंभर दिवसांची. मारिएन्ताल ज्या ग्रामाटनॉयसीडल गावात आहे तिथे २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या रोजगार सेवेने वर्षाहून जास्त बेकार असलेल्या प्रत्येकाला कामाची हमी देऊन पाहिली. नव्वद वर्षांपूर्वी ज्या गावात चाल मोजली गेली होती, तिथेच. वयाने मोठ्यांना, आजार सांभाळून काम करणाऱ्यांना त्यांच्या बेताने काम दिलं गेलं. वालधुनीचे नाले, शाळांची डागडुजी, पाळणाघरं, एकट्या वृद्धांची देखभाल, या कामांची इथे वाण नाही. पाळणाघर तर दुहेरी उपयोगाचं: चार बायकांना तिथे काम, आणि वीस बायका कामावर जायला मोकळ्या.

चाळिशीतल्यांसाठी मात्र हमीपेक्षा कसब बदलण्याची सोय आधी हवी. अंबरनाथला शासकीय आयटीआय आहे, यंत्रशाळा आहे. संध्याकाळच्या वर्गाला वयाची अट नसावी, वीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्याच्या अनुभवाची चाचणी घेऊन त्याला थेट दाखला मिळावा, आणि शिकण्याच्या सहा महिन्यांत घर चालेल एवढा भत्ता असावा. कंपनी बंद करण्याचा अर्ज किंवा नोटीस निघते तेव्हाच कामगारांची वयानुसार यादी, कायम आणि कंत्राटी दोन्ही, जिल्हा कौशल्य विकास केंद्राकडे गेली पाहिजे, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाची दर सहा महिन्यांनी किमान तीन वर्षं विचारपूस व्हायला हवी. त्यासाठी नवं सर्वेक्षण लागत नाही. कायम कामगाराची जन्मतारीख कंपनीच्या मस्टरवर असते, कंत्राटी कामगाराची ठेकेदाराच्या पीएफ चलनामागे.